स्टॅनले हॉटेल खरंच झपाटलेलं आहे का, आणि आईबाबांना घेऊन तिथे राहावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायला एस्टेस पार्क या गावी दोन रात्री जायचंय. कॉलेजातल्या मुलीला तिथलं स्टॅनले हॉटेलच हवंय, तेही 217 नंबरची खोली. आणि आईने यूट्यूबवर त्या हॉटेलाचे व्हिडिओ पाहिल्यापासून "त्या वास्तूत मी पाऊल ठेवणार नाही" असं जाहीर केलंय. तर हे हॉटेल खरंच झपाटलेलं आहे का, खोली कुठली घ्यावी, आणि सत्तरीतल्या माणसांना तिथे न्यावं का?

मी कोलोरॅडोत जुन्या इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनचं काम करतो. शंभरी ओलांडलेल्या शाळा, चर्चं, डोंगरातली हॉटेलं. स्टॅनलेचं काम माझ्याकडे कधी नव्हतं, पण पाहुणा म्हणून तिथे राहिलोय, दिवसाची टूर केली आहे आणि रात्रीचीही. "वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतं", "त्या एका खोलीत कायम गार वाटतं", "दार आपोआप उघडतं" हे माझ्या धंद्यात नेहमी कानावर येतं. तक्रार करणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना आवाज आलेला असतो, गार लागलेलं असतं. तो कुठून आला हे शोधायचं काम आमचं.

आधी थेट उत्तर देतो: माझ्या मते हे हॉटेल झपाटलेलं नाही, आईबाबांना जरूर न्या, 217 चा हट्ट सोडा, आणि भुतांपेक्षा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची काळजी करा. आता कारणं.

हे हॉटेल बांधलं फ्रीलन ऑस्कर स्टॅनले या माणसाने. तो आणि त्याचा जुळा भाऊ फ्रान्सिस, दोघेही 1849 सालचे, मेन राज्यातल्या किंगफील्ड या खेड्यातले. फोटोच्या काचेवर रसायनाचा थर चढवायचं यंत्र त्यांनी केलं, तो धंदा पुढे ईस्टमन कोडॅकने विकत घेतला. मग त्यांनी वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या. 1899 मध्ये फ्रीलन आणि त्याची बायको फ्लोरा अशाच गाडीतून माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर जाऊन पोचले, तोवर त्या शिखरावर मोटार गेलेली नव्हती. आणि 1903 मध्ये, त्रेपन्न-चोपन्नच्या वयात, त्याला क्षयाने गाठलं. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं. कोरडी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस खाणं एवढाच उपाय, आणि त्यासाठी देशभरातून रोगी कोलोरॅडोत येत. हाडांचा सापळा झालेला स्टॅनले डेन्व्हरला आला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उन्हाळा काढायला एस्टेस पार्कला गेला. लायन्स गावापर्यंत रेल्वे होती, तिथून पुढचा डोंगरी कच्चा रस्ता त्याने आपल्या वाफेच्या गाडीने एकट्याने चढला.

हंगाम संपेपर्यंत त्याची तब्येत सुधारली. त्यानंतर दर उन्हाळ्यात तो तिथे यायचा. तो वारला 1940 मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनला, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. ज्या गावाने जीव वाचवला त्या गावाला त्याने जे दिलं ते बघून मी थक्क होतो. रस्ते सुधारले, फॉल रिव्हरवर 1909 मध्ये जलविद्युत केंद्र बांधलं, आणि 4 जुलै 1909 ला हे हॉटेल उघडलं. 1915 च्या जानेवारीत रॉकी माउंटन नॅशनल पार्क स्थापन झालं. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडला तो ईनॉस मिल्स हा निसर्गवेडा, पण पाठीशी उभ्या राहिलेल्यांत स्टॅनले होता.

हॉटेलची जमीनही साधीसुधी नव्हती. आयर्लंडचा जमीनदार लॉर्ड डनरेव्हन 1872 मध्ये शिकारीला आला आणि ही दरीच त्याला इतकी आवडली की सगळी खासगी शिकारीचं रान म्हणून बळकावायचा त्याने घाट घातला. सरकार होतकरू शेतकऱ्यांना जमीन द्यायचं, तिच्यावर याने भलत्याच लोकांची नावं लावून दावे ठोकले. स्थानिकांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 1880 च्या दशकात तो कंटाळून निघून गेला तो गेलाच. त्याची जमीन पुढे स्टॅनले आणि त्याच्या भागीदाराने घेतली. डनरेव्हन हे नाव लक्षात ठेवा, भुतांच्या यादीत ते परत येणार आहे.

पाहुणे यायचे कसे, हाही माझ्या आवडीचा भाग. लायन्स किंवा लव्हलँडला रेल्वेतून उतरायचं आणि स्टॅनलेच्या वाफेच्या मोठ्या उघड्या गाडीत बसायचं. पेट्रोलचं इंजिन उंचावर दमतं, कारण हवा विरळ झाली की आत जाणारा ऑक्सिजन कमी होतो. साडेसात हजार फुटांवर साध्या पेट्रोल इंजिनाची वीस टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. वाफेच्या इंजिनाला ही अडचण फारशी नाही, त्याची ताकद बॉयलरमधल्या दाबातून येते. म्हणून त्या काळात तो घाट चढायला वाफेची गाडी खरोखरच उत्तम होती. लॉबीत अशी एक स्टॅनले गाडी ठेवलेली आहे. तुमच्या बाबांना यंत्रांत रस असेल तर ती नीट बघू द्या, घाई करू नका.

आता 217.

हॉटेलात वीज होती, स्वतःच्या केंद्राची. पण नव्या विजेवर कोण पूर्ण भरवसा ठेवणार? म्हणून राखीव सोय म्हणून अ‍ॅसिटिलिन वायूचे दिवे बसवले होते. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की हा वायू सुटतो. आपल्याकडे चोरून आंबे पिकवायला वापरतात तेच कार्बाइड. हा वायू फार द्वाड आहे. हवेत जेमतेम अडीच टक्के मिसळला तरी पेट घेतो, आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला तरी पेट घेतोच. स्वयंपाकाच्या गॅसची स्फोटक मर्यादा याच्यापुढे अगदीच अरुंद, दोन ते दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बंद खोलीत अ‍ॅसिटिलिन साचला असेल तर ज्योत घेऊन आत जाणाऱ्याची सुटका होणं कठीण.

25 जून 1911 ला तेच झालं. गळतीचा वायू खोलीत साचलेला होता आणि खोल्या आवरणारी बाई, एलिझाबेथ विल्सन, मेणबत्ती घेऊन आत गेली. स्फोट इतका जबर होता की खालची जमीन फुटून ती खालच्या मजल्यावरच्या जेवणघरात पडली. तिचे घोटे मोडले. ती वाचली. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत त्या बाईचं नावसुद्धा एकसारखं नाही, इतकी घाईघाईत बातमी छापली गेली होती. आज सगळीकडे सांगतात ते असं की तिचं भूत 217 मध्ये पाहुण्यांचे कपडे घडी करून ठेवतं, बॅगा आवरतं. जी बाई त्या खोलीत मेलीच नाही, तिला आपण त्या खोलीत शंभर वर्षं राबवतोय याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बाकीच्या प्रसिद्ध भुतांचंही असंच आहे. 401 मध्ये लॉर्ड डनरेव्हन वावरतो म्हणतात. हॉटेल उघडलं 1909 ला, आणि हा गृहस्थ त्याच्या वीसेक वर्षं आधीच दरी सोडून गेलेला. बिलियर्डच्या खोलीत आणि बारपाशी दिसतो म्हणतात तो स्टॅनले स्वतः, जो वारला हजारो किलोमीटर दूर न्यूटनला. फ्लोरा 1939 मध्ये गेली, ती पियानो वाजवते म्हणतात. चौथ्या मजल्यावर मुलं धावतात, आणि त्या मजल्यावर पूर्वी नोकरमाणसं, दाया आणि मुलं राहायची हे खरं आहे. पण मुलं राहायची म्हणून मुलांची भुतं, हा हिशोब नंतर जुळवलेला.

तो कधी जुळवला गेला? 1974 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस स्टीफन किंग हा तरुण लेखक बायकोबरोबर एका रात्रीसाठी इथे उतरला. तेव्हा तो बोल्डरला राहायचा. हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात होतं, पाहुणे जवळजवळ नव्हतेच. जेवणघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, लांबलचक रिकामे कॉरिडॉर, आणि खोली 217. रात्री त्याला स्वप्न पडलं की आगीचा पाइप जिवंत होऊन कॉरिडॉरमधून आपल्या लहानग्या मुलाच्या मागे लागलाय. दचकून उठला आणि सकाळपर्यंत कादंबरीचा सांगाडा डोक्यात तयार होता. ती 'द शायनिंग', 1977 सालची. कादंबरीत शेवटी बॉयलर फुटून हॉटेल जळतं. माझ्या व्यवसायातल्या माणसाला ते वाचताना घाम फुटतो, कारण दुर्लक्ष झालेला बॉयलर खरंच तसा वागू शकतो. पण प्रत्यक्षातल्या स्टॅनलेत हिवाळ्यात राहण्याजोगी ऊबच तेव्हा नव्हती, म्हणून तर ते बंद होत होतं. उन्हाळ्यापुरतं बांधलेलं हॉटेल ते. बारमाही चालू झालं 1980 च्या दशकात.

पुढे 1980 मध्ये याच कादंबरीवर स्टॅनली कुब्रिकचा सिनेमा आला. (दिग्दर्शकाचं नाव स्टॅनली असल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो, पण त्याचा या हॉटेलाशी संबंध नाही.) हा सिनेमा इथे झालेलाच नाही. बाहेरून दिसतं ते ओरेगॉनमधलं टिंबरलाइन लॉज, आतले सेट इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेले. टिंबरलाइनवाल्यांना भीती वाटली की सिनेमा बघून आपली 217 कोणी घेणार नाही, म्हणून सिनेमात खोलीचा नंबर 237 केला. घडलं मात्र उलटंच. स्टॅनलेतली 217 आज महिनोन्‌महिने आधी आरक्षित होते. याच कादंबरीवरची 1997 ची टीव्ही मालिका मात्र खरोखर स्टॅनलेत चित्रित झाली.

आणि हेही बघा. सिनेमात झुडपांचा चक्रव्यूह आहे. कादंबरीत तो नाही, स्टॅनलेतही नव्हता. पण येणारा प्रत्येक पाहुणा "चक्रव्यूह कुठाय?" असं विचारायचा, म्हणून 2015 मध्ये हॉटेलने पुढच्या हिरवळीवर झुडपं लावून चक्रव्यूह केला. तुमच्या मुलीला हे आवर्जून सांगा. गोष्टीने वास्तू बदलली. भुतांचंही तसंच, आज जी ख्याती आहे ती त्या कादंबरीच्या पाठोपाठ आलेली आहे. हॉटेलला तिचा फायदा झाला हे मी नाकारत नाही. इतकी जुनी लाकडी इमारत रंगवत, छप्पर बदलत, आगीपासून सांभाळत राहायला प्रचंड पैसा लागतो, आणि तो भुतांच्या टूरमधून येत असेल तर येऊ दे.

पण मग लोकांना तिथे जे ऐकू येतं, जाणवतं, त्याचं काय? इथे मला माझ्या कामातलं सांगायचंय.

पहिली गोष्ट लाकूड. स्टॅनलेची चार मजली मुख्य इमारत लाकडाच्या सांगाड्याची, बाहेरून लाकडी फळ्यांची. आज ती पांढरी आणि लाल छपराची दिसते, मुळात पिवळसर रंगाची होती. कोकणातल्या घराची दारं पावसाळ्यात फुगून घासतात आणि चैत्र-वैशाखात सैल पडून वाऱ्यावर आपटतात, तसंच इथे रोजच्या रोज होतं. कोलोरॅडोची हवा मुळात कोरडी, त्यात हिवाळ्यात हीटर लावला की आतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते. साठ टक्के आर्द्रतेत लाकूड वजनाच्या अकरा टक्के पाणी धरून असतं, वीस टक्क्यांत जेमतेम साडेचार. एवढं पाणी गेलं की फळी रुंदीत आकसते, खिळ्यापाशी सैल होते आणि पाय पडला की करकरते. मजा अशी की पाय पडून गेल्यावर दबलेली फळी लगेच पूर्ववत होतेच असं नाही. कधी काही वेळाने, तापमान बदललं की, सुटते. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये कोणी नसताना "पावलं" वाजतात ती पुष्कळदा अशी. शिवाय जे हॉटेल सत्तर-पंचाहत्तर वर्षं हिवाळ्यात थंडगार पडून राहायचं, ते अचानक बारमाही तापवायला लागलं. त्या लाकडाने हा कोरडेपणा पूर्वी कधी सोसलेला नव्हता.

दुसरी गोष्ट हवेचा रेटा. बाहेर उणे पंधरा अंश, आत एकवीस, आणि इमारत बारा मीटर उंच धरा. आतली गरम हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या मजल्यांच्या फटींतून बाहेर पडते, खालून गार हवा आत ओढली जाते. या उंचीवर सुद्धा खालच्या आणि वरच्या टोकाला आतल्या-बाहेरच्या दाबात सात-आठ पास्कलचा (पास्कल हे दाबाचं माप) फरक पडतो. आकडा किरकोळ वाटतो, पण दोन चौरस मीटरच्या दारावर तो किलो-दीड किलोचा रेटा होतो. कडी नीट न बसलेलं दार उघडायला एवढं पुरे. आपोआप उघडणाऱ्या दारासाठी बोलावलं की मी आधी चौकटीवरची ती पितळी पट्टी बघतो, जिच्या खाचेत कडीची जीभ अडकते. खाचेच्या कडेला जीभ घासून चकाकी आलेली असली की समजायचं, चौकट सरकली आहे आणि जीभ नुसती टेकतेय, अडकत नाही. पट्टी थोडी सरकवली की दार मुकाट बंद राहतं. जिन्याच्या वळणावर एकदम गार झुळूक लागते ती याच चढत्या हवेची, आणि खिडकीजवळच्या पलंगावर पायाशी गार लागतं ते जुन्या काचेवरून थंड होऊन खाली उतरणाऱ्या हवेमुळे.

त्यात एस्टेस पार्कचा वारा. हिवाळ्यात पहाडावरून खाली कोसळणारा वारा तिथे तुफानी वेगाने येतो, गाडीचं दार हातातून हिसकावून नेतो. हॉटेल उतारावर उघड्यावर उभं आहे. अशा वाऱ्यात लाकडी इमारत बोलते, कण्हते, शिट्ट्या घालते.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बोलतात, ती म्हणजे झोप. एस्टेस पार्क 7,522 फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश. न्यू जर्सीहून सकाळी निघालेला माणूस त्याच रात्री तिथे झोपतो. उंचीवर पहिल्या रात्री झोपेत श्वासाची लय बिघडू शकते, काही सेकंद श्वास मंदावतो, मग एकदम जोरात येतो, आणि माणूस दचकून जागा होतो. झोप तुटक लागते. तुटक झोपेत, जागेपणीच्या काठावर, खोलीत कोणीतरी उभं आहे, छातीवर कोणी बसलंय असं वाटणं हा माणसाच्या मेंदूचा जगभरचा अनुभव आहे. त्यात तुम्ही झोपायच्या आधी दोन तास भुतांची टूर केलेली असेल तर ते "कोणीतरी" कोण हेही ठरलेलंच असतं.

शास्त्रज्ञांनीही याचा पाठपुरावा केलाय. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी नावाचा अभियंता एका प्रयोगशाळेत काम करायचा, तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्याला स्वतःला डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. एकदा त्याने शेगड्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं. मागोवा घेतला तर नवा पंखा सेकंदाला सुमारे एकोणीस वेळा कंप करणारा, कानाला न ऐकू येणारा आवाज करत होता. पंखा दुरुस्त केला, सगळं थांबलं. हे त्याने 1998 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्या प्रयोगांत असा परिणाम दर वेळी सापडला नाही, त्यामुळे प्रत्येक भूत म्हणजे पंखा असं मी म्हणणार नाही. 2003 मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबराच्या जमिनीखालच्या कोठड्यांत शेकडो लोकांना फिरवलं. जिथे झपाटल्याची ख्याती होती तिथेच लोकांना जास्त विचित्र जाणवलं, आणि त्याचा संबंध उजेड, खोलीचा आकार अशा गोष्टींशी लागत होता. म्हणजे जागा खरंच काहीतरी करते. ते काय करते हे मोजता येतं, इतकंच.

आणि एक प्रकार जिवावर बेतणारा आहे. 1921 मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकाने, विल्यम विल्मरने, एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नव्या घरात पावलं वाजायची, माणसं दिसायची, सगळ्यांची डोकी दुखायची, झाडंही सुकली. बिघडलेल्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. हे मी आमच्या टीममधल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सांगतो. कोणी "घरात कोणीतरी आहे" म्हणालं आणि सोबत डोकेदुखी, मळमळ असेल, तर हसायचं नाही, आधी मीटर काढायचा. कोलोरॅडोत 2009 पासून घरांमध्ये या वायूच्या अलार्मचा कायदा आहे. डोंगरातलं कुठलंही केबिन भाड्याने घ्याल तेव्हा खोलीत शिरल्या शिरल्या तो अलार्म आहे का बघा.

टूरवर एक गोष्ट हमखास सांगतात की हॉटेलखाली चुनखडी आणि स्फटिक आहेत आणि त्यांत भूतकाळची ऊर्जा साठून राहते. त्या भागातला खडक 1.4 ते 1.7 अब्ज वर्षं जुना ग्रॅनाइट आणि शिस्ट आहे. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक असतातच, पृथ्वीवरच्या प्रत्येक ग्रॅनाइटमध्ये असतात. ऊर्जा साठवण्याचं म्हणाल तर त्याला काडीचाही आधार नाही. चुंबकीय क्षेत्राचे छोटे मीटर घेऊन फिरतात, ते जुन्या वायरिंगपाशी आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलपाशी लुकलुकणारच.

आता प्रवासाचं. आईबाबांना पहिली रात्र तरी डेन्व्हरमध्ये राहू द्या, ते शहरही 5,280 फुटांवर आहे. शक्य असेल तर दोन रात्री. मग वर जा. पाणी भरपूर, पहिल्या दिवशी चालणं कमी, जेवण हलकं. झोप नीट लागली नाही, डोकं जरा जड झालं तर ते उंचीचं आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर काकू (तुमची आई) त्याचा भलताच अर्थ लावतील. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. विशेषतः पार्कातला ट्रेल रिज रोड 12,183 फुटांपर्यंत चढतो. तिथे गाडीतून उतरून फोटोपुरतं थांबा, चढाई नको. हा रस्ता साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत बर्फाने बंद असतो. उन्हाळ्यात पार्कात शिरायला वेळेचं आरक्षण लागतं, ते संकेतस्थळावर आधी तपासा.

खोलीचं. हॉटेल 217, 401, 407, 418 आणि 428 या खोल्या "झपाटलेल्या" म्हणून वेगळ्या दराने देतं. त्या पैशात तुम्हाला जास्त सोयी मिळत नाहीत, नंबर मिळतो, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये फोटो काढणाऱ्यांची वर्दळ मिळते. त्यापेक्षा पर्वतांच्या बाजूची साधी खोली मागा. आईबाबांसाठी कॉरिडॉरच्या टोकाची, जिन्यापासून आणि लिफ्टपासून लांब. जुन्या इमारतीत आवाज कमी लागावा असं वाटत असेल तर सर्वात वरचा मजला मागून घ्या, डोक्यावर कोणी चालत नाही. हो, तोच तो चौथा मजला. मुलीला सांगा, तिची हौसही भागली.

दिवसाची टूर चौघांनी मिळून करा. गाइड बहुतेक चांगले असतात आणि स्टॅनलेबद्दल मन लावून सांगतात. रात्रीची टूर मुलीला एकटीला करू द्या. गावात स्टॅनलेचं राहतं घर आता संग्रहालय आहे, आणि फॉल रिव्हरवरचं त्याचं जलविद्युत केंद्रही. 1982 मध्ये वरचं लॉन लेक धरण फुटलं, त्या पुरात हे केंद्र कायमचं बंद पडलं. त्या दिवशी तीन माणसं गेली. आतली यंत्रं मात्र बघायला मिळतात. ते उन्हाळ्यातच उघडं असतं, जायच्या आधी वेळ विचारून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर एल्क या मोठ्या हरणांचे कळप गावातच, कधी हॉटेलच्या हिरवळीवर उतरतात, आणि नर तेव्हा माजावर असतात. भुतांपेक्षा त्यांच्यापासून लांब राहा, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

आणि काकूंशी वाद घालू नका. भीती पटवून जात नाही. आधी दुपारी त्यांना नुसतं व्हरांड्यात बसून चहा प्यायला न्या, समोर लाँग्स पीक हे शिखर दिसेल, लॉबीतली वाफेची गाडी बाबांना दाखवा, स्टॅनले क्षयातून कसा उठला ते सांगा. मग रात्री राहायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. नको म्हणाल्या तर गावात भरपूर लॉज आहेत, गाडीने पाच-दहा मिनिटांवर. तुम्ही आणि मुलगी हॉटेलात राहा, सकाळी नाश्त्याला सगळे एकत्र भेटा. आरक्षण करताना रद्द करण्याची मुदत मात्र बघून घ्या.